आईला बंगल्यातलं दुखणं झालं

ती. मोठ्या मावशीस,

भाचीचा वाकून नमस्कार. (वहिनी, पत्र तुम्हीच मावशीला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. कंसातला मजकूर मात्र मनात वाचा, तो आपल्या दोघींतला.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण माझ्याच्याने तसं लिहवत नाही. आम्हा तिघांपैकी दोघे खुशाल आहोत. तिसरी आई. तिचा रक्तदाब फार वाढलाय, ती दवाखान्यात जायला तयार नाही, आणि वर ती आमच्या दोघांपेक्षा जास्त आनंदात आहे. हे कसं झालं ते सविस्तर लिहिते.

मला ते पाहणीचं काम मिळालंय ना, तीन महिन्यांचं, त्यात घरोघरी जाऊन फॉर्म भरायचा असतो. मिळकत किती, खोल्या किती, नळ घरात की बाहेर, घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं, आणि सगळं विचारून झालं की दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा. मिळकतीच्या पाच पायऱ्या केल्या आहेत, पहिली सगळ्यात खालची. कोणत्या पायरीवर किती आजार, हे त्यातून शोधायचंय. पण मावशी, लोक पायरीवर स्वस्थ उभेच राहत नाहीत. आई ज्या बंगल्यात स्वयंपाकाला जाते, तिथले मालक म्हणाले, "कसली मिळकत, जेमतेम भागतं," आणि दुसरी पायरी सांगून मोकळे झाले. त्यांच्याच फाटकावरचा पहारेकरी ताठ उभा राहून म्हणाला, "भरपूर आहे ताई. चौथी लिहा." लोक सांगतील तेच लिहायचं असा नियम आहे, त्यामुळे माझ्या कागदावर पहारेकरी मालकापेक्षा दोन पायऱ्या वर गेला. मला चैन पडेना. मी त्याला पुन्हा जाऊन विचारलं, नक्की ना? तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो वैतागून म्हणाला, "एवढं विचारताय तर पाचवी लिहा!" (मी चौथीच ठेवली. चूक झाली का, वहिनी?)

मग आमच्या गल्लीची पाळी आली. प्रत्येक गल्लीतलं सातवं घर घ्यायचं असतं, आणि सातवं निघालं आमचंच. मी दुसऱ्या टोकापासून मोजलं, तरी आमचंच, कारण गल्लीत घरंच तेरा. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भरून टाका. फक्त घरचे म्हणून झुकतं माप नको. आणि सल्ला द्यायचा नाही, तो नियम सगळ्यांना सारखा." म्हणून मी बाहेर गेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि आमचंच दार वाजवलं. बाबा म्हणाले, "अगं, उघडंच आहे, वाजवतेस काय?" मी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग म्हणाले, "मीच असेन."

मिळकतीला आई म्हणाली, "तिसरी लिही. मधली बरी, कुणी नावं ठेवत नाही." मी म्हटलं, आई, खरं सांग. "मग पहिली लिही, पण बारीक अक्षरात." शेवटी कोण जेवतं, यावर ती उखडली. असल्या गोष्टी परक्यांना सांगायच्या का, म्हणाली. मी 'उत्तर दिले नाही' असं लिहिलं, जरी ते उत्तर मी तेवीस वर्षं डोळ्यांनी बघतेय.

मग पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे आठ. यंत्र बिघडलं समजून परत मोजलं, तर एकशे ब्याऐंशी. एवढा आकडा आला की सरकारी दवाखान्याची गुलाबी चिठ्ठी भरून द्यायची, चेहरा बदलायचा नाही, धन्यवाद म्हणून निघायचं, असं आम्हाला शिकवलंय. मावशी, मी माझ्या आईला "धन्यवाद" म्हणाले! उंबऱ्याबाहेर गेले, ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं आणि आत येऊन जी ओरडले, ती शेजारच्या काकू धावत आल्या.

पण आईच्या चेहऱ्यावर तेज! बंगल्यातल्या बाईंना बारा वर्षं प्रेशर आहे. त्यासाठी त्यांचं जेवण वेगळं, दुपारची झोप ठरलेली, घरात मोठ्याने बोलायचं नाही. आमच्या गल्लीत लोकांना ताप येतो, पाठ धरते. प्रेशर कुणालाच नव्हतं. (मोजलंच नव्हतं कुणी.) आईने गुलाबी चिठ्ठी आरशाशेजारी चिकटवली. तिच्या स्वतःच्या नावाचा घरातला तो पहिलाच कागद. काकू मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, "माझंही मोज गं, काही निघतंय का बघ." बाबा म्हणाले, "मिळकत पहिल्या पायरीची, दुखणं पाचवीचं. सरासरी काढलीस तर आपण मधले झालो की!" आणि आईने बंगल्यात सांगितलं, तेव्हा बाई म्हणे दुखावल्याच: "तुला कसलं प्रेशर? अशक्तपणा असेल." तेव्हापासून तर आई आणखीच हट्टाला पेटलीय.

फक्त दवाखाना नको. "आत्ता कुठे आलंय, लगेच गोळ्या घेऊन घालवू?" हे ती हसत म्हणते. खरं कारण ती भांडी घासताना बोलली: रांगेत अर्धा दिवस जातो, आणि तेवढा पगार कापतात. बाईंचं प्रेशर पलंगावर झोपतं, आईचं ओट्याशी उभं राहून त्यांच्यासाठी बिनमिठाचं शिजवतं. (वहिनी, हा कंस मात्र मोठ्याने वाचा. हे दुखणं दुखत नाही. एक दिवस अचानक हात किंवा वाचा जाते, असं आम्हाला शिकवताना सांगितलं. मला भीती वाटते.)

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी भाची

ता. क. खरं काम लिहायचंच राहिलं. आई जगात फक्त तुला घाबरते. येऊन तिला चांगली खडसाव. मी कळवलं असं सांगू नकोस.

ता. क. २. आईने विचारलं, कुणाला एवढं लांबलचक लिहितेस? मला खोटं बोलता येईना, सगळं वाचून दाखवलं, कंसांसकट. ती हसून हसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "ताईचं मोजलंय का कुणी? ती मेली कधी काही बोलून दाखवत नाही. तिला बुधवारी बोलाव. मी नेते तिला दवाखान्यात. गेला अर्धा दिवस तर गेला." स्वतःच्या चिठ्ठीबद्दल विचारलं तर म्हणाली, "तिच्यासोबत बसायचंच आहे, तर घेईन बरोबर."

ता. क. ३. आई आत्ताच कामाला गेली. मावशी, बुधवारी नक्की ये, आणि जरा थकलेली दिसत ये. मी खोटं वागायला सांगत नाही. स्टँडवरून रिक्षा करू नकोस, चालत ये, म्हणजे आपोआप खरं होईल.