काळ्या पट्टीच्या बशा

४ फेब्रुवारी
अडाणीपणावर नोकरी मिळाली. खरंच. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाईंनी विचारलं, हा विषय शाळेत होता का? म्हटलं, विषय होता, मीच नसायचे. "पाणअस्वल माहीत आहे?" नाही. "छान. उद्यापासून ये."

वहिनी म्हणाली, महिनाभर टिकलीस तर मी डोक्यावर उभी राहीन. दादा पेपरामागे हसला. माझी भरलेली पिशवी अजून त्यांच्या दाराशीच आहे. येता-जाता वहिनी तिला ठेचकाळते.

५ फेब्रुवारी
काम असं: कॉलेजच्या भिंतींवरचं वाळकं शेवाळ, नऊ वर्षं कागदी पाकिटांत पडलेलं. त्याचा चुरा काचेच्या बशीत टाकायचा, वर पाणी, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायचं – किती प्राणी उठले, किती नाही. प्राणी! मला तर नुसता कचरा दिसला.

काही शेवाळ उन्हातल्या भिंतीवरचं, काही सावलीतल्या. कुठल्या बशीत कुठलं, ते मला सांगणार नाहीत. बशीच्या बुडाला रंगाचा ठिपका आणि त्यावर काळी चिकटपट्टी. पट्ट्या लावतात प्रयोगशाळेतले काका.

मला राग आला. माझ्यावर विश्वास नाही का? "माझ्यावरही नाही," बाई म्हणाल्या. "काका बशा लावतात तेव्हा मी खोलीबाहेर जाते."

६ फेब्रुवारी
एक पाणअस्वल उठलं.

मिठाच्या कणाहून लहान, सुरकुतलेली गोळी. बराच वेळ काही नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले – एक माणूस सायकलवरून शिडी नेत होता, ती कोणाच्या डोक्याला लागते ते बघायला – परत डोळा लावला तर गोळी फुगलेली. एक पाय. मग दुसरा. मग आठ, प्रत्येकाला नखं. आळस दिल्यासारखं केलं आणि चालायला लागलं!

नऊ वर्षांनी. तेवढ्या वर्षांत मी किती गावं बदलली, किती कामं सोडली. हे पाकिटात. वाट बघत – छे, वाटही बघत नव्हतं.

घरी चालतच आले. दिसेल त्या भिंतीला हात लावत.

७ फेब्रुवारी
बाईंना विचारलं, पाणी घालण्याआधी ते मेलेलं होतं की जिवंत? "जिवंत म्हणजे काय, शाळेतलं आठवतं?" खातं, श्वास घेतं, वाढतं, हलतं. "यातलं ते काय करत होतं?" जवळजवळ काहीच नाही. "मग मेलेलं?" पण उठलं ना. "मग?" मी परत बशीत डोकावले. मग म्हणाल्या, "ती यादी आपण केली. त्याला कुणी विचारलं नव्हतं."

भांडी घासताना वहिनीला सांगितलं. "नऊ वर्षं न खाता? आणि तुला चार वाजले की डबे उघडायचे असतात."

१२ फेब्रुवारी
काकांचं तोंड सुटलं. बाईंचं म्हणणं, उन्हातल्यांना सारखं वाळायची सवय, म्हणून तेच जास्त तग धरतात. तेव्हा लोक हसले होते. नऊ वर्षं थांबल्यात त्या. या उन्हाळ्यात निवृत्त होणार. "खरं ठरलं तर बघ त्यांचा चेहरा," काका म्हणाले आणि जीभ चावली. हे मला कळायला नको होतं.

खरं ठरू दे. फार वाटतंय.

१७ फेब्रुवारी
काही बशांत लाल कण आहेत, विटेचे. आज हवा खायला कॉलेजच्या गच्चीवर गेले तर उन्हातली भिंत लाल विटांची! म्हणजे लाल कणांच्या बशा उन्हाच्या. ओळखलं.

२० फेब्रुवारी
लाल कणांच्या बशीत एक लुळं पडलेलं. पाय हलला? की पाणी हललं? थांबले. खूप थांबले. मग हलला. जिवंत. पुढच्या बशीत तसंच एक. त्याला एकदा पाहिलं आणि मेलं म्हणून मोकळी झाले. त्या बशीत लाल काही नव्हतं.

उठून खिडकीशी गेले तेव्हा कळलं मी काय केलं.

मी खोटं लिहिलं नाही. तो पाय मला खरंच हललेला दिसला. त्याचीच भीती वाटते. डोळा माझ्या मनाचं ऐकतो, आणि मला पत्ताही लागू देत नाही.

शेवाळ एकदा भिजलं की संपलं. बाईंची नऊ वर्षं मी भिजवून टाकली.

२१ फेब्रुवारी
सांगून टाकलं. पिशवी बरोबरच नेली होती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ओरडल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, "स्वतःला पकडलंस. मला हे जमायला पन्नाशी उलटावी लागली."

प्रत्येक पाकिटातलं निम्मं त्यांनी बाजूला ठेवलंय. "गाढवपणा कोणीतरी करणारच होतं. मला वाटलं, मीच करीन." पण आता हे शेवटचं. यानंतर काही नाही. आणि मोजणार कोण? मला सगळं माहीत, काकांना त्याहून जास्त. "जिला यातलं काही माहीत नाही आणि पर्वाही नाही, अशी कोणी आहे?"

माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा. ऊन-सावलीचं मी घरी बोलले नव्हते, नशीब.

२५ फेब्रुवारी
वहिनी मोजतेय. लाल कण काकांनी आधीच वेचून टाकले. "हा मेला. हा मेला. हा – अगबाई." मग कितीतरी वेळ तिने डोळा काढला नाही. दादाचा फोन आला, जेवणाचं काय? "नऊ-नऊ वर्षं न खाता राहतात लोक," म्हणाली आणि ठेवून दिला.

३ मार्च
पट्ट्या सोलल्या. वहिनीच्या मोजणीत ऊन आणि सावली सारखीच. काही फरक नाही. बाईंचं चुकलं.

आणि माझ्या पहिल्या मोजणीतल्या लाल कणांच्या बशा सावलीच्या निघाल्या! गच्चीवरची ती लाल भिंत? "ती गेल्या वर्षी बांधलीय गं," काका म्हणाले. म्हणजे बाईंना जिंकवायच्या नादात मी हरवतच होते त्यांना.

बाई बशांकडे बघत राहिल्या. मला रडू यायला लागलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मग सावलीतल्यांना हे शिकवलं कोणी?"

काका म्हणाले होते तो चेहरा मी पाहिला.

४ मार्च
बाई नवी पाकिटं भरतायत, नऊ वर्षांनी उघडायला. म्हटलं, मोजायला मी येईन. "तू आता चालणार नाहीस, तुला कळायला लागलंय. मी नसेन, काकाही नसतील. पट्ट्या तू लावायच्या."

घरी येऊन पिशवी रिकामी केली.