खारवलेल्या कोबीचे तीन खोके

चोंगजू, रविवार

आदरणीय ताईस,

सांग-गिलचा वाकून नमस्कार. (मनाने वाकलोय असं समज. कंबर परवानगी देत नाही, कारण पुढे कळेल.) तुझी मान कशी आहे? भावोजी अजून पहाटे समुद्रात पोहतात का? या थंडीत तरी त्यांना आवर.

आमचा लग्नाचा हॉल बंद पडला हे तुला ठाऊक आहेच. एकोणीस वर्षं पांढरे हातमोजे घालून "नवरा-नवरी येत आहेत!" असं ओरडल्यावर दुसरं कुठलं काम जमेल असं मला वाटत नव्हतं. पण लोक आता लग्नं करत नाहीत, घरबसल्या सामान मागवतात. म्हणून मी पार्सलच्या गाडीवर लागलो. पहिला महिना परीक्षेचा, तीन तक्रारी आल्या की नारळ. पहिल्या आठवड्यातच माझ्या दोन झाल्या. एक अंड्यांवर डंबेल ठेवल्याची. दुसरी, दारात उभं राहून "पार्सल आलं आहे!" हे हॉलमधल्या आवाजात पुकारल्याची. (तान्हं बाळ झोपलं होतं. मला काय माहीत?)

त्यात हा वर्षभराची किमची घालायचा आठवडा. ज्याच्या त्याच्या घरी तिखट मसाला लावायला खारवलेला कोबी चाललाय, एकेक खोका वीस किलोचा, त्यातून खारं पाणी गळतंय. त्या पाण्याने गुरुवारी एका चिठ्ठीवरचा आकडा पुसट झाला आणि मी १०८ नंबरच्या इमारतीतले तीन खोके १०३ मध्ये नेले. दोन्हीकडे सातवा मजला, दोन्हीकडे चौथं घर. १०३ ची लिफ्ट दुरुस्तीला होती, हे वेगळं. दारात लाल हातमोजे घातलेल्या पाच बायका उभ्या होत्या. त्यांनी खोके माझ्या हातातून असे ओढून घेतले, की मला चिठ्ठी पुन्हा वाचायला सवडच मिळाली नाही.

दोन तासांनी १०८ मधल्या मा बाईंचा फोन. "अहो ड्रायव्हर, कोबी कुठाय माझा? चार बहिणी मसाला कालवून बसल्यात. त्यांनी काय एकमेकींना चोळायचा?"

धावत १०३ ला गेलो. तोवर निम्म्याहून जास्त कोबीला तिखट लागलं होतं. घरच्या मुख्य म्हणजे पेंग आजी, वय ऐंशी, आवाज चाळिशीचा. त्या सुनांना म्हणाल्या, "बघा! तरी मी म्हणत होते, यंदा कोबी गोड कसा लागतोय!" त्यांचे स्वतःचे तीन खोके माझ्या गाडीत तळाशी निघाले. ते उचलून १०८ ला नेले. मा बाईंनी एक पान तोडून चावलं आणि सरळ फोन उचलला. "हा आमचा नव्हे. आमचा हेनामकडचा. थांबा, तुमच्या ऑफिसलाच विचारते."

ताई, तिसरी तक्रार. म्हणजे नारळ! म्हटलं, "बाई, तुमचा कोबी आता मिळाला तरी तिखट लावलेलाच मिळेल." तर म्हणतात, "मग तसाच घेऊ!" आणि हातमोज्यांसकट निघाल्या. मी मागोमाग. सात मजले चढेपर्यंत त्यांचा राग उतरेल अशी आशा होती, पण चढताना तो वाढलाच.

दार उघडताच पेंग आजींनी किमचीची एक गुंडाळी त्यांच्या तोंडात कोंबली. मा बाई चावत राहिल्या. मग विचारलं,

"नासपती घातलीत?"

"घातली."

"कोळंबी कमी पडलीय."

"कमी? तुझी जीभ तपासून घे, बाई."

पुढचा अर्धा तास दोघी कोळंबीवरून भांडल्या आणि शेवटी अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं ठरलं. तीस किलो इकडून तिकडे, तीस तिकडून इकडे. नेणारा अर्थात मी. वर एका सुनेची पाठ धरली म्हणून तासभर मला मसाला लावायला बसवलं. खाली गाडीत एक्केचाळीस पार्सलं ताटकळत होती.

मा बाईंनी ऑफिसला फोन मात्र केलाच. म्हणाल्या, "त्या माणसाला हातमोजे द्या हो, उघड्या हाताने तिखट लावत होता बिचारा." ऑफिसातल्या मुलीने बराच विचार करून ते कौतुकात नोंदवलं. काल माझा महिना पुरा झाला, उद्यापासून मला स्वतःचा भाग मिळतोय. एकूण ठीक चाललंय.

तुझा,
सांग-गिल

ता. क. : आता खरं सांगतो. आईला मी सांगून ठेवलंय की मी एका मोठ्या कंपनीत वाहतूक विभागाचा प्रमुख आहे. (गाडीत मी एकटाच असतो, तेव्हा खोटंही नाही.) आणि माझ्या नव्या भागात नेमकी आईची इमारत आलीय. तुझं ती ऐकते. पत्र मिळताच तिला फोन कर आणि हळूहळू सांग.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ : फोन करू नकोस. आत्ताच आईचा आला होता. शनिवारी मी भाग पाहायला गेलो तेव्हा शेजारणीने मला गाडीत पाहिलं. आईने त्याच दुपारी वीस किलो तांदूळ मागवला. चौथा मजला, लिफ्ट नाही. मी म्हटलं, "अगं, एकटीला एवढा कशाला?"

म्हणाली, "हलकं काही मागवलं असतं तर दारात ठेवून पळाला असतास. वर आलास की आधी बस, पाणी पी, मग जा."