धुतलेली चित्रं

सर, तुम्ही माझं चित्र पहिल्यांदा पाण्यात बुडवलंत, तेव्हा मी केवढ्यानं किंचाळले होते! दुष्काळाचं साल होतं, शाळेच्या नळाला जेमतेम पाणी यायचं. मी जीव ओतून रंगवलेलं तळ्यातलं देऊळ तुम्ही सरळ घमेल्यात बुचकळलंत. शिपाईमामा धावत आले, "मास्तर, हितं प्यायला पाणी न्हाय, आन तुमी चित्रं धुताय व्हय?" तुम्ही म्हणालात, "वाया नाही जात, मामा. कडुनिंबाला घालतो." मग माझ्याकडे वळून, "रडतेस काय? कच्चा रंग गेला, पक्का राहिला. आता त्याच्यावर काम कर." धुवायचं, वाळवायचं, पुन्हा रंगवायचं, हीच तुमची पद्धत. पण शेवटचा गडद हात मारला की मग त्या चित्राला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे आम्हा पोरांना तुम्ही बजावून बजावून सांगायचात. घरी काकूंना मात्र एकदाही सांगितलं नाहीत. का हो?

प्रदर्शन भरवा म्हटलं की तुमचं एकच, "अजून कच्ची आहेत." सगळी चित्रं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. आणि एके दिवशी वर्गात फळ्यावर सुरई काढता काढता तुम्ही गेलात. तुमचं काम निदान आता तरी गावानं बघावं म्हणून मी धावपळ करून हॉल मिळवला आणि चित्रं न्यायला तुमच्या घरी आले. फाटक उघडते तर काय, अंगणातल्या दोरीवर, चिमटे लावून, तुमची चित्रं वाळत घातलेली! होटगीचं स्टेशन, गिरणीची चिमणी, बाजार, सगळी ओली, सगळी फिकट. काकू पदराला हात पुसत बाहेर येतात. "ये गं. दिवसांआधी सगळं घर धुतलं, मग म्हटलं ह्यांचीच चित्रं धुळीत कशापायी ठेवायची? ते सारखं धुवायचेच की." शेजारी बादली. तिच्यात करडं, जांभळट पाणी. तुमचा सगळा जन्म त्या बादलीत, सर! "टाकलं न्हाय बघ, जास्वंदीला घालते," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "नीट निघाली का गं? त्यांच्यासारखी?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. शेवटी मी म्हणाले, "व्हय काकू. लई छान निघाली." हॉलवाल्यांना नको म्हणून कळवलं आणि घरी येऊन तुमच्यावर इतकी चिडले, इतकी चिडले की तुमच्या दिवसांना जेवायलासुद्धा आले नाही. मेलेल्या माणसावर कसलं चिडायचं, पण चिडले. एवढ्याशा बोलण्यानं काय बिघडलं असतं तुमचं?

काकूंनी होटगीचं स्टेशन मला दिलं. त्या गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली, शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. मीही चित्रकलाच शिकवत आले, ते चित्र प्रत्येक घरात माझ्याबरोबर फिरलं. तुमच्या मूळ चित्रात हमाल होते, सिग्नल होता, वाट बघणारी बाई होती, तिच्या लुगड्याचे काठसुद्धा होते. त्यातलं आता काही नाही. फलाट कुठं संपतो तेही दिसत नाही, नुसता रुळांवर पडलेला संध्याकाळचा उजेड उरलाय. आज माझ्या वर्गातल्या पोरी ते बघायला आल्या होत्या, त्यांना मी तो उजेड दाखवत किती वेळ बोलत बसले. त्या गेल्यावर लक्षात आलं, म्हणून हे लिहिलं. टपालात टाकायला पत्ता नाही, हे एका अर्थी बरंच. रागावू नका सर, पण तुमचं मूळ चित्र मला नीट आठवतंय. हे जास्त चांगलं आहे.