मोकळा कॉम्प्युटर

जळगाव, मार्च १९९९, मंगळवार

आजही जमलं नाही. रविवारी विंडोज पुसून लिनक्स टाकलं, तेव्हा केवढ्या तावातावाने बोललो होतो मी! चोरीची सीडी किती दिवस वापरायची? हे मोकळं आहे, कुणाच्या मालकीचं नाही. मग त्यात मराठी अक्षर उमटत नाही, हे आधी बघायला काय झालं होतं? सुनंदाला उद्या शाळेत तिच्या वर्गाची मराठी प्रश्नपत्रिका द्यायची आहे. परत फिरावं, तर जुनी सीडी मीच मोडून फेकली. सगळ्यांसमोर.

संध्याकाळी धरणगावहून आबा आले. आपल्या मुलाचा कॉम्प्युटर बघायला खुर्ची ओढून बसले. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. बराच वेळ बघून म्हणाले, "बठ्ठं मोकळंच शे रे भाऊ. काहीच दिखत नही."

सगळं रिकामंच, म्हणे. हसायला हवं होतं. सुनंदा हसली नाही. कागद-पेन उचलत एवढंच म्हणाली, "तुम्ही पुसून मोकळे झालात."

आता ती स्वयंपाकघरात बसून हाताने प्रश्न लिहितेय. मी इथे. ती रेघ लुकलुकतेय, मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघत. उठलो तर तिकडे जावं लागेल.