रडायला सोडलेली जागा

बा, सगळ्यात आधी आली ती पिको-फॉलवाली. चप्पल काढता काढताच विचारते, "गिटारवाली पोरगी हेच घर ना?" जशी आमच्या कॅम्प-१ च्या गल्लीत घरोघरी गिटारवाली बसली आहे. तिच्या मागून विहारात वंदना घेणारी म्हातारी आली, गुडघ्यावर हात देत. अन् शेवटी पांढऱ्या साडीतली एक बाई, नंदिनी नगरची. तिचा भाऊ मागच्या हप्त्यात गेला. तिनं दारातच हात जोडले अन् भिंतीले टेकून बसली, बोलली काहीच नाही.

तू ह्या पोरीले पाहिलं नाही, बा. माह्या पोराची पोरगी, तुही पणती. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी झाली. मोबाईलवर पाहून पाहून गिटार शिकली, मास्तर नाही की काही नाही. आता म्हणते, लोकांसमोर वाजवायचं काम पाहिजे. तिकडं प्लांटच्या साहेबलोकांच्या सेक्टरातल्या एका कॅफेत गेली, तर मालक म्हणे आधी फॉलोअर दाखव. मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे गेली. त्यानं विचारलं, "कितने गाने आते हैं?" ही खरं बोलली, पाच. तो म्हणे, "पाँच में तो जयमाला भी नहीं निपटती, बेटा." घरी येऊन हसून सांगितलं तिनं, पण जेवली नाही. अन् माहा पोरगा तर पक्कं ठरवूनच बसला होता, की ह्या महिन्यात काम नाही भेटलं तर गिटार कव्हरात अन् पोरगी मामाच्या मोबाईल दुकानात. तो वाईट नाही, बा. प्लांटमध्ये ठेकेदाराकडे काम करते, आज आहे उद्या नाही, त्याले घोर लागतो. महिना सरत आला होता अन् मी भाजी निवडता निवडता पोरीच्या तोंडाकडे पाहून राहायची.

म्हणून त्या बाया कशाले आल्या हे समजलं तवा मी आधी पोरीले हाक मारली. त्यांच्या भजन मंडळाचा पेटीवाला पोराकडे रायपूरले राहायला गेला. अन् नंदिनीच्या बाईच्या भावाचं शनिवारी पुण्यानुमोदन आहे, गेलेल्याच्या नावानं वंदना. घरी गाणं तर पाहिजे, पण बिना सुराचं बायांचं गाणं उचलत नाही. पिको-फॉलवाली खिडकीतून रोज हिची टिंग-टिंग ऐकत होती, तिनं सुचवलं. वंदनावाली म्हणे, "मानधन देतो आम्ही, फुकट नाही नेत. पण पहिले ऐकू तर दे."

पोरगी बसली. बाया गायला लागल्या तर सूर जुळेना. पोरगी म्हणे, "आंटी, थोड़ा ऊपर से लो ना." म्हातारी म्हणे, "आमचे गळे आता वर नाही जात, माय. तूच खाली ये आमच्याकडे." पोरीनं तारांवरचा, सूर वर चढवायचा चिमटा काढला, पुन्हा तार लावली, अन् आली खाली. मले वाटलं झालं. पण कडवं संपलं, बाया थांबल्या, अन् ही थांबेच ना. उलट जोरात वाजवायला लागली, तिले वाटलं गाणं पडलं, आपण उचलून धरलं पाहिजे. पुढच्या कडव्यालेही तेच. नंदिनीची बाई पदर सावरून उठायला लागली. पिको-फॉलवाली माह्याकडे पाहते, मी जमिनीकडे.

बा, मले अहिवाऱ्याचं ते मयतीचं घर दिसून राहिलं. तू खदानीतून ड्युटी करून आलेला, कानाच्या पाळीत चुन्याच्या दगडाची भुकटी तशीच, अन् मांडीवर ढोलकी. मी परकरातली, हातात टाळ. अंगणात एक तरणी बाई बसली आहे, तिचा नवरा गेला. कडवं संपलं की तू ढोलकीवर पंजा ठेवतो, अन् सारं मंडळ गप. ती बाई रडते. मी मात्र टाळ वाजवूनच राहिली, मले वाटलं सगळे विसरले. तू माहं मनगट धरलं. मारलं नाही, पण असं धरलं की टाळ वाजेना. वाटेत म्हणाला, "ती जागा घरवाल्यांची असते, पोरी. आपण गाणं त्याइले रडता यावं म्हणून म्हणतो. त्याइचं झालं की मग आपण."

मी उठली अन् पोरीच्या तारांवर हात ठेवला. ती चिडली, "आजी, क्या कर रही हो?" मी सांगितलं, जसं तू मले सांगितलं होतं तसंच. तिनं गिटार मांडीवर सावरली. मग हळूच विचारते, "पण मले कसं समजणार, त्यांचं झालं म्हणून?" म्हातारी म्हणे, "तोंडाकडे पाहा त्यांच्या. आपल्या बोटाकडे नको पाहू."

मग पुन्हा सुरू केलं. पोरगी नुसत्या अंगठ्यानं वाजवून राहिली, बायांच्या मागं मागं. कडवं संपलं. तिनं तारांवर हात ठेवला अन् मान वर केली. घरात पंख्याचा आवाज तेवढा. अन् ती नंदिनीची बाई, आल्यापासून जिनं एक शब्द काढला नव्हता, ती तोंडाले पदर लावून रडली. खूप वेळ. पोरगी हलली नाही. तिच्याही डोळ्यांत पाणी, पण हात तारेवर तसाच. बाईनं नाक पुसलं, एक लांब श्वास घेतला, तवा कुठं हिनं पहिली तार छेडली, अन् बायांनी त्याच सुरावर गाणं उचललं. म्हातारीनं मले मान हलवून दाखवली. नंदिनीची बाई जाता जाता पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोलली, "माह्या भावाकडे हिलेच आणा."

संध्याकाळी माह्या पोरानं सगळं ऐकून घेतलं. "मयतीचं काम," एवढंच म्हणाला. मग हात धुता धुता विचारते, "गाडीवर मी सोडून देऊ का तिले नंदिनीले?"

आता एक गोष्ट सांगतो बा, घरात कोणाले नाही सांगितली, अन् हा कागदही मी पेटीत साड्यांच्या खाली ठेवून देणार आहे. त्या बाया कोपऱ्यावरून वळल्या नसतील, अन् मी स्वयंपाकघरात जाऊन हसली. एकटीच, भिंतीले धरून. दुसऱ्याच्या घरचं माणूस गेलं, बहीण माह्या डोळ्यांसमोर रडून गेली, अन् माह्या पोटात आनंद मावेना. मले लाज वाटली, तरी हसू थांबेना. तू असता तर मनगट धरलं असतं का, ते मले माहीत नाही.

बाया शनिवारी सकाळी येतो म्हणून गेल्या आहेत, पोरीले न्यायला.