नावेला कोणती जोडी जुंपावी

चौथा फेरा पुरा करून नाव पाचव्याला लागली तेव्हा मी, गोंडपिपरीचा मोटर वाइंडिंगवाला, तलावाच्या गाळात गुडघाभर उभा होतो. हातात रिमोट होता. नाव जागच्या जागी स्वतःभोवती फिरत होती. पुढे एक हात नाही, मागे एक हात नाही. तलावाच्या बांधावर, पाळीवर, काठी टेकून बाबा उभे होते. मोतीबिंदूमुळे त्यांना नाव दिसत नव्हती, पण लोकांचं हसू ऐकू येत होतं. "गोपाल," ते ओरडले, "नाव चालवून राह्यला का मळणी करून राह्यला?"

इंदुताई, पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला कळतं. नमस्कार आधी हवा. तो आता घे, आणि भाऊजींनाही दे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा बीपी गोळीचं ऐकतो का? मुलचेऱ्याला थंडी किती आहे? शेजारच्या बंगाली काकूंनी यंदा खजुराचा गूळ दिला का? (दिला असल्यास आमचा वाटा वेगळा काढून ठेव. मागच्या वर्षी तो वेगळा काढला होता आणि मग खाल्ला होता.) फोन करता आला असता. पण फोन आला की भाऊजी स्पीकर लावतात, आणि या हकिकतीत एक जागा अशी आहे की तिथे स्पीकर नको.

बाबांनी केलेला पण तुला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी चांद्या-बांड्या ही बैलजोडी विकली, तेव्हापासून ते शंकरपटाकडे, बैलांच्या शर्यतीकडे फिरकले नाहीत. मागच्या वर्षी डॉक्टरांनी दोन्ही डोळे पिकले म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, "या घरची जोडी पट जिंकत नाई तोवर डोळे उघडून पाहाचं काय?" दिवाळीत डॉक्टरांनी तुझ्या भावजयीला, कांताला, बाजूला घेऊन सांगितलं की उजवा डोळा आता फार थांबणार नाही. त्यावर तू फोनवर रडलीस. मी म्हटलं, काहीतरी करतो. (असं म्हणणं सोपं असतं. बैल घ्यायचे तर बांधायचे कुठे? गोठ्याच्या जागी माझं दुकान आहे.) अशात गावच्या मंडळाने ठरवलं की यंदा शंकरपटासोबत तलावात नावांचा पट घ्यायचा. रिमोटची नाव. तिच्यात नारळ ठेवायचा, पलीकडच्या काठाला वळसा घालून परत आणायचा. नियम एकच, पण कडक : नावेला मोटरींची जोडी हवी. एका मोटरीची नाव म्हणजे एका बैलाची बंडी, असं मंडळाचं म्हणणं पडलं. मी बाबांना विचारलं, हा पट धरायचा का? त्यांनी एक दिवस घेतला. मग म्हणाले, "पट म्हंजे पट."

आता मोटरी. ताई, मी तीस वर्षं मोटरी भरतो. विहिरीतली पाच एचपी माझ्या हाताखालून गेली नाही असं गाव तालुक्यात नाही. नावेची मोटर अंगठ्याएवढी असते. मला तिचं काय वाटणार? ऑनलाइन पाहिलं तर प्रत्येकीपुढे एक आकडा होता, एका व्होल्टला किती फेरे घेते त्याचा. मी सगळ्यात मोठा आकडा पाहून दोन मागवल्या. मासळीच्या थर्माकोल पेटीची नाव केली, वर फायबरचा लेप दिला, मागे दोन पंखे बसवले. पहिल्या दिवशी नाव डावीकडेच ओढू लागली, कारण दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत होते. यावर मी हसलो. हे तर माझं रोजचं काम. पंप उलटा फिरला की तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करायची. मी एका मोटरीच्या वायरी बदलल्या आणि मंडळींना बोलावलं. पण पंख्याची पाती तीच राहिली. म्हणजे एक मोटर नावेला पुढे ढकलत होती आणि दुसरी तितक्याच निष्ठेने मागे. पुढचं तू वर वाचलंच आहेस. कांता एवढी हसली की तिला पाळीवर बसावं लागलं. मोबाइलच्या दुकानातला लटारू तिथेच होता. त्याने हैदराबादहून तयार नाव आणली होती, लाल, टोकदार. तो म्हणाला, "गोपालभाऊ, काऊन टेन्शन घेता? गोल फिरण्याचं बक्षीस ठेवाले सांगतो ना मंडळाले."

उलट्या पात्यांचा पंखा मागवला, तो आठ दिवसांनी आला. नाव सरळ धावली, आणि इतकी धावली की मी आनंदाने ओरडलो. मग नारळ ठेवला. नाव पाण्यात खोल बसली. मी रिमोट दाबून धरला. चाळीस सेकंदांत एक वास आला. तो वास मी झोपेतही ओळखतो, जळलेल्या वार्निशचा. बाबांनी मोटर तळहातावर घेतली, जनावराच्या अंगावर ठेवतात तसा दुसरा हात तिच्यावर ठेवला आणि विचारलं, "हा काय खातो?" मी म्हटलं, करंट. "लय खाते. अन् काम?" ते म्हणाले, "हा पटाचा बैल हाय. रिकामी बंडी घेऊन पळन. तू त्याले चिखलात जुंपून राह्यला. तलाव पट हाय का, बांधी हाय. बांधीत हल्या लागते." (भाऊजी कधी भाताच्या चिखलणीला उतरलेले नाहीत, म्हणून त्यांना सांगायला : बांधी म्हणजे भाताचं खाचर, हल्या म्हणजे रेडा. तो पळत नाही, थांबतही नाही.)

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात आले. चार वर्षांत पहिल्यांदा. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दाखव तुह्या गोठ्यात काय काय हाय." मी एकेक मोटर त्यांच्या हातात देत गेलो. कूलरच्या पंपाची, गाडीच्या वायपरची, मुलांच्या जीपची. ते दांडा दोन बोटांनी फिरवायचे, कानाशी धरायचे, परत द्यायचे. वायपरची बरी वाटली, पण जोडीदार नव्हता. दोन तास गेले. शेवटी कोपऱ्यातून मी दोन मोटरी काढल्या, सारख्या वजनाच्या, सारख्या वयाच्या, एकाच घरच्या. (कुठून आल्या ते पुढे येईल.) बॅटरी लावली. आवाज जाड होता, घाई नव्हती. बाबांनी दांडा चिमटीत धरून थांबवायला पाहिलं. थांबेना. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी चांद्या-बांड्या गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "हे चांद्या," ते म्हणाले, "अन् हे बांड्या." मी नावं खडूने लिहिली. या मोटरीला दोनच वायरी, त्यामुळे उलटी फिरवण्यात मला चूक करायला जागा नव्हती. पंखे मात्र मोठे लावले. हल्याला पाऊल मोठं हवं.

काल पट झाला. पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मच्छीमार सोसायटीचे मुखरूभाऊ डोंग्यात, लहानशा होडीत, शिट्टी घेऊन पंच. सहा नावा होत्या. शिट्टी झाली आणि लटारूची नाव गोळीसारखी गेली. आमची निघाली, एवढंच म्हणता येईल. लोक मला धीर देऊ लागले. मधल्या पट्ट्यात शिंगाड्याच्या वेली आहेत. दोन नावा तिथे जाऊन बसल्या. आणखी दोघींचे नारळ आधीच पाण्यात गेले होते. लटारूच्या नावेने वेली पंख्यात गुंडाळल्या, एकदा उसळली, आणि तिच्यातून निळा धूर निघाला. मग आमचीही अडकली. मी रिमोट दाबून धरला. मागून काठी माझ्या पाठीत बसली. "दाबू नको बे! दम घेऊ दे त्यायले. मांग घे. आता सोड. अजून मांग." मी मागे घेतलं, सोडलं, पुन्हा मागे घेतलं. पंख्यावरची वेल उलगडून सुटली. नाव हलली. पलीकडचा काठ, वळसा, परतीची वेल, पुन्हा मागे, पुन्हा सोड. तलावभर दुसरा आवाज नव्हता, फक्त तो जाड आवाज जवळ येत होता. बाबांनी विचारलं, "कोण येऊन राह्यला?" मी म्हटलं, आपलेच. "ते मले माहीत हाय. तुले इचारलं का?" ते शेजारच्याला विचारत होते. त्यांना ते लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं.

नाव काठाला लागली. नारळ जागेवर होता. बाबा धोतरासकट पाण्यात उतरले आणि त्यांनी नावेच्या पाठीवर थाप मारली. लटारूने येऊन त्यांच्या पाया पडून घेतलं. कांताने बाबांची पिशवी भरली आहे. उद्या सकाळी चंद्रपूर. तू आता रडू नकोस, किंवा रडायचं तर हे कारण बरं आहे.

तुझा भाऊ,
गोपाल

ता. क. भाऊजींनी दसऱ्याच्या वेळी फवारणीचा बॅटरी पंप माझ्याकडे दुरुस्तीला टाकला होता. डबल मोटरचा. तो दुरुस्त झाला आहे. फक्त त्यात मोटरी नाहीत. बॅटरीही नाही. भाऊजींना हरभऱ्यावर फवारणी करायची असेल तर आठवडाभर त्यांना घरी अडकवून ठेव. सामान मिळत नाही म्हणून सांग. नव्या मोटरी मागवल्या आहेत. जुन्या परत देता येतील असं दिसत नाही. बाबांनी त्यांना हळदकुंकू लावलं आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून हे सोमवारचं. सकाळी साडेसहाच्या एसटीने आम्ही निघालो. दवाखान्यात कांताने बाबांच्या पिशवीतून कागद काढले, त्यात ऑपरेशनच्या नोंदणीचा एक कागद आधीच होता. तारीख आजची. नोंदणी तीन आठवड्यांपूर्वीची, लटारूच्या दुकानातून केलेली, खाली बाबांची सही. (म्हणजे लटारूला माहीत होतं. त्याच्या मोटरीचा धूर मात्र खरा होता. त्या वासात मी फसत नाही.) मी बाबांना विचारलं, आपण हरलो असतो तर? ते म्हणाले, "तं हरवणाऱ्याचं तोंड पाहा लागलं असतं ना." साडेअकराला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी उद्या निघेल. चांद्या-बांड्या त्यांच्या उशाशी आहेत.