उजवा अंगठा

२१ जुलै

ती. ताईस सा. न.

पत्राला उशीर झाला म्हणून चिडू नकोस. सध्या आमची पाळी कातडीच्या आणि सांध्यांच्या वॉर्डात आहे. दिवसभर लोकांची कोपरं, नखं आणि कानामागची जागा बघतो. चेहरे बघायला सवड होत नाही.

आता मुद्द्याचं. बाबांच्या कोपराला चार वर्षं गजकर्णाचं मलम चोळते आहेस, ते बंद कर. गजकर्ण कडेने लाल आणि मध्ये निवळलेलं असतं. बाबांचा चट्टा सगळाच जाड आहे आणि वर चंदेरी खपल्या. त्यांना उजेडात बसवून नीट बघ: नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, कानामागे आणि बेंबीत खपल्या आहेत का, सकाळी बोटं तासभर आखडलेली असतात का, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय का. हे सगळं असेल तर बाबांचा वात आणि बाबांची खाज हे दोन आजार नव्हेत, एकच आहे. त्याला सोरायसिस म्हणतात. कातडीच्या डॉक्टरांनी हात बघितले नाहीत आणि हाडांच्या डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला नाही. तुझ्या भावाने मात्र इथे बसल्या बसल्या ओळखलं!

आणखी एक. जानेवारीत आमची तोंडी परीक्षा. तिला लागणारे रुग्ण आम्हा विद्यार्थ्यांनीच शोधून आणायचे असतात. कातडी आणि सांधे दोन्ही असलेली केस सरांना हवीच आहे. मी त्यांना ओळखीच्या एका शिंप्याबद्दल सांगितलं आणि सर खूष झाले. ती केस माझ्याच वाट्याला येईल असं बघतो म्हणाले. फक्त तोवर औषध सुरू करायचं नाही. औषधाने खपल्या पडतात, सूज उतरते, मग ओळखायला उरतं काय? बाबा इतकी वर्षं थांबले, पाच-सहा महिन्यांनी काय बिघडतंय? आणि आपलं नातं तिथे कुणाला कळता कामा नये, एवढं त्यांना बजावून ठेव.

माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा

२ ऑगस्ट

चि. डॉक्टरसाहेबांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बाबांना दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि सगळं बघितलं. खड्डे आहेत. कानामागे आहे, बेंबीतही आहे. बेंबी दाखवताना नवरीसारखे लाजले. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा सुजून टम्म झालाय. तू लांबून ओळखलंस म्हणून बाबांना असा काही आनंद झालाय की दुखणं जसं काही तुझं बक्षीस आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता आजाराचं नाव सांगतात. काल एक बाई ब्लाउजचं कापड उचलून चालती झाली.

पण औषध थांबवायचं मला पटलेलं नाही. मशीन मी चालवते, कटिंग मात्र त्यांचंच. मोठ्या कात्रीच्या कडीत अंगठा जेमतेम जातो, आणि निघताना दात-ओठ खातात. मी हे बोलून दाखवलं तर मलाच ओरडले. मुलाची परीक्षा आयुष्यात एकदाच असते, म्हणाले. तू सरांना अजून एकदा विचार. जेवणाकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझीच, ताई

१८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आज लांबण लावत नाही. गेल्या आठवड्यापासून बाबांचा उजवा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकतच नाही, आणि बाजूला ढकलला की कुठेही जातो. कोटाचं कापड वाकडं कापलं गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रात्री जेवले नाहीत. मी इथल्या दवाखान्यात न्यायला निघाले तर दाराची कडी धरून उभे राहिले. तू एक शब्द लिहिलास तरच ते ऐकतील. लिही.

ताई

२५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तुझं वर्णन वाचून मी चाट पडलो. तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. सांधा असा सैल पडणं ही फार मोलाची खूण आहे; पुस्तकात फोटो असतो, प्रत्यक्षात आमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही. सरांना सांगितलं तर त्यांनी माझी पाठ थोपटली. आता जेमतेम अडीच महिने राहिलेत. या टप्प्यावर औषध घेतलं तर सगळं मुसळ केरात. बाबांना सांग, मी हात जोडतो.

कटिंगला तात्पुरता कुणीतरी कारागीर बघ. रागावू नकोस, राग तुला शोभत नाही.

तुझा धाकटा

१२ जानेवारी

ती. ताईस सा. न.

सुटलो! पहिला आलोय. बाबांना आधी हे सांग, मग पुढचं वाच.

बाहेरचे परीक्षक फार खडूस होते. मी कोपरापासून सुरुवात केली, नखं दाखवली, बेंबी विसरलो नाही. शेवटी त्यांनी बाबांचा अंगठा उचलून विचारलं की हे टळलं असतं का. मी म्हणालो, टळलं असतं. सहा महिन्यांपूर्वी औषध सुरू झालं असतं तर हा सांधा वाचला असता. पूर्ण मार्क दिले. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, इतके दिवस घरी का बसलात? अंगावर काढता आणि मग आमच्याकडे येता, असं बरंच बोलले, सगळ्यांसमोर. बाबा म्हणाले, दुर्लक्ष झालं माझ्याकडून. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नातं अजिबात उघड पडू दिलं नाही. मानलं बुवा आपल्या बाबांना!

नापास झालेल्यांची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. तोवर असेच थांबतील का, असं सरांनी विचारलंय. आता डाव्या हातालाही सूज आलीय, ती अजून ताजी आहे, विद्यार्थ्यांना बघायला मिळेल. सरांना नाही म्हणणं मला जड जाईल. बाबा हो म्हणतील याची खात्री आहे.

लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा धाकटा

२० जानेवारी

धाकट्यास,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. परीक्षकाच्या प्रश्नाशी मी थांबले, तर बाबा म्हणाले पुढे वाच, मी होतोच तिथे. पुढे वाचलं. एप्रिलला ते हो म्हणाले, तुझी खात्री बरोबर होती. उत्तर उत्तम दिलंस, असं लिहायला सांगितलंय. लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना अक्षरशः ओढत इथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही हातांचे एक्स-रे काढले. उजवा अंगठा गेला. डावा वाचेल, औषध त्याच दिवशी सुरू केलं. एवढा उशीर का केलात, असं त्यांनीही विचारलं, आणि बाबांनी परत तेच म्हटलं, दुर्लक्ष झालं.

मग मी बोलले. जुलैपासूनची तुझी पत्रं पिशवीतच होती, ती त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी सगळी वाचली. कॉलेज कोणतं ते विचारलं, सरांचं नाव विचारलं, तुझंही विचारलं. मी तिन्ही सांगितली. पत्रं त्यांनी ठेवून घेतली आहेत.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

ताई